ताळा करून पाहण्याची सवय

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धांदल उडालेली असताना एक शिक्षक आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या हाती बदलीचा अर्ज नव्हता, थकलेल्या वेतनाची तक्रार नव्हती, की छापून आणण्यासाठी कविता नव्हती. होती ती एक जुनी, कडा झिजलेली वही, आणि तीतील एक पान उघडून त्यांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, “यात माझे काय चुकले, ते मला सांगा.” वर्तमानपत्राच्या कार्यालयात असा प्रश्न घेऊन येणारी माणसे विरळा. बहुतेकांना दुसऱ्याचे काय चुकले तेच सांगायचे असते. त्यामुळे त्या वहीने आमचे कुतूहल जागे केले. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना तेथल्या तेथे दिले नाही. ते आज येथे देत आहोत, कारण तो प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही.

हे गृहस्थ जन्माने शिक्षक नव्हेत. विज्ञानाची पदवी घेऊन ते खाणीवर लागले आणि बारा-तेरा वर्षे मोजणीचे काम करीत राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा हजारो कुटुंबांबरोबर त्यांच्याही घरची चूल चिंतेत पडली. कोणी ट्रक विकले, कोणी परदेशाची वाट धरली. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाने आपल्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान मुलामुलींच्या शेजारी बसून बी.एड. केले आणि ग्रामीण भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत तो गणिताचा शिक्षक झाला. पोटासाठी धरलेला धंदा पुढे जिवाचा व्हावा, हे भाग्य सर्वांच्याच वाट्याला येत नाही. यांच्या वाट्याला ते आले, असे त्यांची वही सांगते.

खाणीवरचे गणित आणि शाळेतले गणित यांतील भेद त्यांनी पहिल्याच वर्षी टिपून ठेवला आहे. खाणीवर मातीचा ढिगारा मोजायचा तर त्याची उंची आणि घेर घ्यायचा, घनफळ काढायचे, त्यावरून टन काढायचे. आणि काट्यावरचे वजन या आकड्याशी जुळले नाही तर दोन्ही पुन्हा तपासायचे. साहेब रागावला म्हणून ढिगाऱ्याचे वजन बदलत नाही. शाळेत मात्र त्यांना निराळाच प्रकार दिसला. पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात. मुले आधी उत्तर पाहतात आणि मागाहून रीत जुळवतात. मधली एखादी पायरी अडली तर एखादा आकडा गुपचूप बदलून गाडी उत्तरापर्यंत आणून सोडतात. शिक्षक घाईत असतो. उत्तर बरोबर आहे एवढे पाहून तोही लाल शाईची खूण करतो. “ताळा करून पाहिलास का?” असे विचारले तर मुले चकित होतात. ताळा हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांनाही तो आपल्या आजोबांच्या पिढीतला, पावकी-निमकी आणि सवायकी-दिडकीच्या बरोबर अडगळीत गेलेला वाटतो.

वहीतला दुसरा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटला. आठवीच्या वर्गात अपूर्णांकांची उजळणी चालली असताना एका मुलाने विचारले, “भागाकार करताना खालचा अपूर्णांक उलटा का करायचा?” मराठी प्राथमिक शाळेतून आलेला, इंग्रजीतील पारिभाषिक शब्दांना अडखळणारा, मागच्या बाकावरचा तो मुलगा. गुरुजींना रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. खाणीवर त्यांनी हजार वेळा असा भागाकार केला होता. पण ‘का’ असे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी स्वतःला विचारले नव्हते. ते म्हणाले, “मला सांगता येत नाही. उद्या सांगतो.” वर्गात शांतता पसरली. शिक्षकाला एखादी गोष्ट येत नाही, हे शिक्षकाच्याच तोंडून त्या मुलांनी प्रथमच ऐकले असावे. दुसऱ्या दिवशी ते घरून पाव लिटरचे माप घेऊन गेले. अर्ध्या लिटर पाण्यात पाव लिटरची मापे किती बसतात? दोन. एका लिटरात चार, म्हणून अर्ध्या लिटरात चाराची निमपट. भागाकाराचा गुणाकार कसा होतो, ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून वर्गात ‘का’ विचारणाऱ्यांची संख्या वाढली, असे ते लिहितात. हजेरीपट, माध्यान्ह आहाराचे तक्ते आणि निवडणुकीची कामे यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शाळेत असा एखादा क्षण येतो, त्यावरच शिक्षकाचे वर्ष निभावते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिची बुद्धी तल्लख. अभियांत्रिकीकडे जाण्याची तिची इच्छा तिने गुरुजींना बोलून दाखविली होती. हिवाळ्यात एके दिवशी तिचे वडील शाळेत आले आणि सहज म्हणाले, “देवाला विचारले, सर. डावा कौल मिळाला. विज्ञानाला घालणार नाही.” गुरुजी गप्प राहिले. ते स्वतः गावच्या जत्रेला पालखीला खांदा देणारे आहेत. देवळात गाऱ्हाणे घातले जाते, ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटविल्या जातात आणि उजवी पडते की डावी याकडे साऱ्या कुटुंबाचे डोळे लागतात, तो प्रसंग त्यांनी लहानपणापासून हात जोडून पाहिलेला आहे. पित्याच्या श्रद्धेला धक्का लावावा असे त्यांना वाटले नाही.

परंतु आठवडाभराने वर्गात संभाव्यतेचे प्रकरण आले. नाणे उडविल्यास छापा पडण्याची शक्यता किती, हे शिकविताना एका मुलाने उठून विचारले, “सर, पाकळी उजवी पडण्याची शक्यता किती?” काही मुले हसली, काही घाबरली. गुरुजी म्हणाले, “पाकळीचे मला सांगता येणार नाही, ती आपण मोजलेली नाही आणि देवळात कोणी मोजण्यासाठी जात नाही. आपण नाण्यापुरते बोलू.” मग दुसऱ्या मुलाने विचारले, “पण एकदा नाही आले आणि पुन्हा विचारले तर? माझ्या भावाच्या वेळी तीनदा विचारले होते.” गुरुजींनी फळ्यावर नाण्याची तीन फेकींची आठही रूपे मांडण्यास मुलांना सांगितले. ती मांडून झाल्यावर त्याच मुलीने उत्तर दिले. एकदाच विचारले तर होकाराची शक्यता निम्मी. होकार मिळेपर्यंत तीनदा विचारण्याची मुभा घेतली तर आठांपैकी सात. कारण तिन्ही वेळा नकार येईल असे रूप आठांत एकच आहे. एवढे बोलून ती मुलगी खाली बसली आणि थोड्या वेळाने पुन्हा उठून म्हणाली, “माझ्यासाठी एकदाच विचारले.”

फळ्यावर त्या दिवशी एवढेच घडले. कोणी देवाची निंदा केली नाही, परंपरेची टवाळी केली नाही. परंतु तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनाकडे तक्रार गेली की, शिक्षक मुलांना नास्तिक बनवीत आहेत. व्यवस्थापकांनी गुरुजींना बोलावून सौम्य शब्दांत समज दिली, “पुस्तकाबाहेर जाऊ नका.” वास्तविक ते पुस्तकाबाहेर गेलेच नव्हते. पुस्तकातले गणित वर्गाबाहेर गेले होते, आणि खरा राग त्याचाच होता.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. या शिक्षकाचे काही चुकलेले नाही. किंबहुना, ज्या कामासाठी समाज त्यांना वेतन देतो तेच काम त्यांनी नेमके केले. भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि जिज्ञासा व सुधारणा यांची वृत्ती वाढविणे हे एक कर्तव्य आहे. कर्तव्य पाळणाऱ्याला समज देण्याची पाळी यावी, हे कर्तव्याचे दुर्दैव नव्हे. ते आपले दुर्दैव आहे.

‘सेक्युलर’ हा शब्द आज कोणी शिवीसारखा वापरतो, कोणी बिल्ल्यासारखा मिरवितो. त्याचे ‘निधर्मी’ असे भाषांतर करून आपणच घोटाळा वाढविला. वर्गापुरता त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मोजून, पाहून, विचारून आणि पडताळून मिळते, तो प्रश्न मोजून आणि पडताळूनच सोडवावा. त्यासाठी देवास वेठीस धरू नये. वर्गात हिंदू मुलाच्या शेजारी कॅथलिक मुलगी आणि तिच्या पलीकडे मुसलमान मुलगा बसतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज तिघांनाही सारखीच येते. कर्णाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु तो नियम खरा आहे तो बौधायन आपला म्हणून नव्हे, आणि पायथागोरस परका म्हणून तो खोटाही ठरत नाही.

गोव्यातील हिंदू वाचकांना तर या तत्त्वाचे मोल दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. राज्याला धर्म असला म्हणजे काय होते, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. १५६० मध्ये येथे स्थापन झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद होण्यास १८१२ साल उजाडावे लागले. त्यानंतरही पोर्तुगीज राज्याचा अधिकृत धर्म कॅथलिकच राहिला. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, १९११ मध्ये चर्च आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा तेथे झाला, आणि त्या नव्या वाऱ्याबरोबर गोव्यातील हिंदूंना नागरी समानतेचा श्वास घेता आला. आपल्या मराठी शाळांनी, वाचनालयांनी आणि संस्थांनी बाळसे धरले ते त्या काळात. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे आहे. पुढे सालाझारशाहीने गळचेपी केली तरी रुजलेले बी मेले नाही, आणि मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा त्याचा वृक्ष झाला. म्हणजे राज्याने कोणाच्याही धर्माची बाजू घेऊ नये, या तत्त्वाचे आपण येथे लाभार्थी आहोत. ज्या शिडीने आपण वर चढलो ती शिडी शाळेतून काढून टाकावी, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या आजोबांची आठवण काढावी.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते टाळून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. पहिला असा की, हा उपदेश नेहमी हिंदूंनाच का? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, तो सर्वांना आहे. परीक्षेपूर्वी मेणबत्ती लावून बोललेला नवस आणि दंडाला बांधलेला तावीज यांनाही हेच गणित लागू पडते, आणि शाळेने एकाला सूट देऊन दुसऱ्याला बोल लावला तर ती लबाडी ठरेल. संविधानाचे अठ्ठाविसावे कलमही असा भेद करीत नाही. पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलास त्यात ओढता येत नाही; मग तो धर्म कोणताही असो. आम्ही हिंदू घरातील उदाहरण घेतले, कारण आपले घर झाडण्याचा अधिकार आपल्याला आधी पोहोचतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काळजीने ग्रासलेल्या बापाला देवापाशी धीर मिळतो, तो काढून घेण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला? आम्हीही म्हणतो, कोणी दिलेला नाही. आणि या शिक्षकाने तो घेतलाही नाही. कौलाची प्रथा निर्माण झाली तिच्यामागे शहाणपण होते. गावात तंटा विकोपास जावा, दोन्ही पक्ष तुल्यबळ असावेत, कोणीच मागे हटू नये, अशा वेळी देवाच्या शब्दाने भांडण मिटत असे आणि कोणाचीच मान खाली जात नसे. परंतु येथे दोन पारडी समान नव्हती. एका पारड्यात मुलीचे गुण, तिची इच्छा आणि तिच्या शिक्षकांचे मत होते. दुसऱ्या पारड्यात शहरात जाण्या-येण्याचा खर्च, लोक काय म्हणतील ही भीती आणि ‘मुलीला इतके कशाला’ हा विचार होता. हे सारे उघड मांडून बापाने ‘मला परवडत नाही’ असे म्हटले असते तर त्यावर बोलता आले असते. शिष्यवृत्ती शोधता आली असती, बसची सोय पाहता आली असती. देवाचे नाव पुढे आल्यावर बोलणेच खुंटले.

आणि ज्या घरी मुलासाठी तीनदा विचारले जाते तेथे मुलीसाठी एकदाच विचारले जात असेल, तर तो भेद देवाने केलेला नाही. गुरुजींच्या वहीत अशा सात-आठ घरांची टिपणे आहेत. एवढ्यावरून साऱ्या समाजाचा निष्कर्ष काढू नये, असे त्यांनीच खाली लिहून ठेवले आहे. तरीही वाचकांनी आपापल्या घरचा हिशेब मनाशी करून पाहावा. देवळात निर्णय विचारण्यास जाण्यापूर्वीच तो घरी झालेला असतो काय? असल्यास आपण देवास विचारीत नसतो. त्याला आपली सही करावयास लावीत असतो. श्रद्धेचा याहून मोठा अपमान फळ्यावरच्या खडूने होऊ शकत नाही.

ही दृष्टी पश्चिमेकडून उसनी आणलेली आहे असे ज्यांना वाटते त्यांनी भास्कराचार्यांकडे पाहावे. त्यांची ‘लीलावती’ ११५० मधली. गोलाचे पृष्ठफळ काढण्याची लल्लाचार्यांची रीत चुकीची आहे, हे भास्कराचार्यांनी आडपडदा न ठेवता दाखविले आणि खरे पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या चौपट असते हे सिद्ध केले. लल्ल पूर्वसूरी होते, पूज्य होते; म्हणून भास्कराचार्यांनी त्यांची चूक झाकली नाही, आणि चूक दाखविली म्हणून त्यांना कोणी धर्मद्रोही ठरविले नाही. लीलावतीच्या विवाहाची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि दुःखी कन्येच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती येते. ती खरी की खोटी, हा वाद विद्वानांनी करावा. आम्हांस तिच्यातील पिता महत्त्वाचा वाटतो. तो स्वतः ज्योतिषी होता; तरी ग्रहांनी दार लावल्यावर त्याने मुलीच्या हाती गणित दिले. आमच्या गोष्टीतल्या मुलीच्या हातून मात्र तेच काढून घेतले गेले.

गणित शिकविणाऱ्याने गणितापुरते बोलावे, असे म्हणणाऱ्यांसाठी याच मातीतले एक उदाहरण पुरे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यातील कोसबे येथे जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकवीत राहिले आणि तेथून इतिहासाकडे वळले. हजारो प्राचीन नाण्यांचे वजन त्यांनी स्वतः केले, कारण कोणी सांगितले म्हणून मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गोवा सरकारने २००८ पासून त्यांच्या नावे विचारमहोत्सव सुरू केला. राजधानीत कोसंबींच्या नावाने टाळ्या वाजवायच्या आणि खेड्यातल्या शाळेत कोसंबींची रीत वापरणाऱ्याला समज द्यायची, ही विसंगती आम्हांस बोचते.

गुरुजींना आमचे एकच सांगणे आहे. फळ्यावर नाणेच ठेवावे, पाकळी आणू नये. ही मर्यादा आपण पाळलीत ती पुढेही पाळावी. थट्टेने कोणी शहाणा होत नाही. उलट घरी गेल्यावर मुलास शाळा आणि आई यांतून एकाची निवड करावी लागते, आणि तो नेहमी आईचीच करतो, ते योग्यही आहे. मात्र मुलाने प्रश्न विचारला असता ‘हे परीक्षेला येणार नाही’ असे म्हणून त्यास खाली बसवू नये. व्यवस्थापकांना आमची विनंती आहे की, तक्रार आल्यावर शिक्षकास बोलावण्यापूर्वी त्या दिवशी फळ्यावर काय लिहिले होते ते पाहावे. ते पाहिले असते तर आठ ओळी दिसल्या असत्या, आणि त्यांतील एकही खोटी नव्हती.

ती मुलगी अकरावीला वाणिज्य शाखेत दाखल झाली आहे. वाणिज्य ही काही हलकी शाखा नव्हे. हिशेबनिसांवाचून या राज्याचा एक दिवस निभणार नाही, आणि ती तेथेही नाव काढील याविषयी तिच्या गुरुजींना शंका नाही. आमचे दुःख शाखेबद्दल नाही. तिला कोणीही विचारले नाही, याचे आहे. तिच्या पाठोपाठ घरात एक धाकटी बहीण नववीत आहे, असे गुरुजींनी जाता जाता सांगितले. पुढच्या वर्षी तिचा प्रश्न येईल. देवळाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी तिच्या वडिलांनी तिला समोर बसवून एकदा विचारावे, “तुला काय हवे, बाळ?” तिचे उत्तर ऐकून मग खुशाल देवापुढे जावे, पण तेथे कौल मागू नये, आशीर्वाद मागावा.